स्टिअरिंगवर परत बसवणाऱ्या नगराळे मॅडम

करुणाताई नगराळे यांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही हे मला कळतं. संपादक मंडळातल्या एका सदस्यांनी फोन करून ‘सुरुवात जरा मंगल ठेवा, झाडेभाऊ’ असं सुचवलंही. पण मॅडमच्या साठीच्या ग्रंथात खोटं लिहायचं आणि ते त्यांनीच चष्मा लावून वाचायचं, एवढी हिंमत माझ्यात नाही. भांडण झालं होतं, भर दवाखान्यात झालं होतं, आणि बाकांवर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ते मन लावून ऐकलं होतं.

मी सुधाकर झाडे, एसटीचा ड्रायव्हर. वर्धा ते अल्लीपूर या रस्त्यावर माझी निम्मी उमर गेली. वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं लिहायची मला जुनी खोड आहे; खड्ड्यांवर लिहिलं, थांब्यावरच्या शेडवर लिहिलं, एकदा शिट्टीच्या आवाजावरही लिहिलं. त्यामुळं डेपोत मला ‘पत्रवाले’ म्हणतात. पण आजवर रागावूनच लिहिलं. आनंदानं लिहायची वेळ ही पहिलीच, तेव्हा भान सुटलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. एक आधीच सांगतो, ‘मान’ या शब्दावर कोट्या करणारे या ग्रंथात पुष्कळ जण भेटतील. मी करणार नाही.

तर ते भांडण. मॅडम वर्ध्याला व्यायामोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, दवाखाना चालवतात. मी गळ्याला पट्टा बांधून, चेहरा आंबट करून तिथं गेलो होतो. माझं मानेचं दुखणं कित्येक वर्षांचं. गोळ्या झाल्या, मलमं झाली, शेक झाला, एका गावात मान बसवून देणाऱ्याकडून कडाकडा आवाजही काढून झाले होते. मॅडमनी पट्टा सोडायला लावला. मान सगळीकडून वळवून पाहिली. हाताची पकड तपासली, बोटांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, सगळं विचारलं. मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुमाले व्यायाम करा लागन.’’

‘‘व्यायाम?’’ माझं डोकंच फिरलं. ‘‘मॅडम, मी दुखणं घेऊन आलो, पहिलवान व्हाले नाई आलो. मले मशीन लावा न!’’

‘‘मशीन लावली तं तुमाले घडीभर बरं वाटन. मंग? मशीन तुमची गाडी चालवन काय?’’

‘‘गाडीचं नाव काढू नका!’’ मी ओरडलो.

बाकावरची एक म्हातारी म्हणाली, ‘‘काऊन वो भाऊ, बाईमाणसावर कायले वरडून राह्यले?’’ मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘दुखते कुठी ते मले समजलं. आता हे सांगा, या मानेपाई तुमाले काय करता येत नाई?’’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सगळ्यांनी ‘कुठं दुखतं’ विचारलं होतं. मी म्हणालो, ‘‘मागं पाह्यता येत नाई.’’

झालं असं होतं. अल्लीपूरच्या थांब्यावर गाडी मागं घेत होतो. कंडक्टर इंगोलेंची शिट्टी चालू होती. ती एकदम बदलली, मी ब्रेक दाबला. उतरून पाहतो तर मागच्या चाकापासून हातभर अंतरावर सायकल आडवी पडलेली, आणि सायकलवाला ती उचलायला वाकलेला. कोणाला काही झालं नाही. इंगोले म्हणाले, ‘‘चालते न, झाडेभाऊ, शिट्टी ऐकली तुमी.’’ पण आरशात जे दिसत नाही ते पाहायला मान वळायला हवी, आणि माझी वळत नव्हती. मी अख्खं धड फिरवायचो, तेही अर्धंच. त्याच संध्याकाळी डेपोत जाऊन मी स्वतःच सांगितलं, मला स्टिअरिंगवरून उतरवा. मला बैठं काम मिळालं. पुढच्या वैद्यकीय तपासणीत मान दोन्ही बाजूंना नीट वळली तर पुन्हा गाडी, नाही तर निवृत्तीपर्यंत खुर्ची. आणि ज्या माणसानं आयुष्यभर गाडी चालवली, त्यानं खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या निघताना पाहणं म्हणजे काय, हे मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर परत रागाचं पत्र होईल.

हे सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, ‘‘दुखणं पार जाईन असा शब्द मी देत नाई. पण मागं पाह्याचं काम आपण करू.’’ मला गोड बोलणारे पुष्कळ भेटले होते. इतकं मोजून बोलणारं माणूस पहिल्यांदा भेटलं, आणि का कोण जाणे, विश्वास बसला.

मॅडम मूळच्या समुद्रपूर तालुक्यातल्या, जामजवळच्या एका खेड्यातल्या. आईवडील दोघंही मजुरी करणारे. घरात शिकण्याचा ध्यास असा, की मॅडमच्या आई सांगायच्या, मीठ संपलं तर चालेल, रॉकेल संपता कामा नये, पोरीला वाचायचं आहे. नागपूरला शिकून मॅडम मोठ्या शहरात राहू शकल्या असत्या. त्या वर्ध्याला आल्या. कारण विचारलं तर म्हणतात, ‘‘आपल्या लोकाईचं दुखणं आपल्या बोलीत ऐकलं तं लवकर समजते.’’ डॉक्टरांशी त्या इतकी शुद्ध मराठी बोलतात की मला घाम फुटतो. पेशंट समोर आला की दुसऱ्या क्षणी ‘काऊन वो, काय म्हणते मान?’

त्यांची काम करण्याची एक रीत आहे आणि त्या रीतीवर मी फिदा आहे. माणूस कामावर कसा वागतो हे पाहिल्याशिवाय त्या पूर्ण व्यायाम ठरवत नाहीत. शिलाई मशीनवाल्या बाईंच्या दुकानात जाऊन बसतात. कापूस वेचणाऱ्या बायांसोबत शेतात जाऊन ओटीत कापूस भरून पाहतात. माझ्यासाठी त्या डेपोत आल्या! परवानगी काढली, उभ्या गाडीत चढल्या, पदर खोचला आणि सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. डेपोतले सगळे गोळा झाले. ‘‘आरसा कोणता पहिले पाहता? गिअर टाकताना खांदा कुठी जाते? मागं घेताना मान पहिले वळते का कंबर?’’ मी उत्तरं देता देता थकलो. शेवटी त्यांनी स्टिअरिंग धरून मागं वळून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘बाप्पा! एवढं वळा लागते? मंग तं तुमाले चांगलाच व्यायाम द्या लागन.’’ सगळा डेपो हसला. बऱ्याच दिवसांनी मीही हसलो.

व्यायाम मात्र ऐकून माझी निराशा झाली, खरं सांगतो. उताणं झोपून ‘हो’ म्हटल्यासारखी मान अगदी हळू हलवायची. बसून हनुवटी सरळ मागं घ्यायची. ते मला जमेना, तेव्हा त्यांनी सांगितलं, ‘‘कोणी तोंडाजवळ बिडी ओढत आलं तं माणूस डोकं कसं मागं घेते? तसं घ्या.’’ लगेच जमलं! आमच्या डेपोत बिडीवाल्यांची कमी नाही, सराव आयुष्यभराचा होता. कपाळाला तळहात लावून कपाळानं हाताला आणि हातानं कपाळाला रेटायचं. आणि खांद्यासाठी सायकलची जुनी ट्यूब कापून खिडकीच्या गजाला बांधायची आणि ओढायची. मी म्हणालो, ‘‘मॅडम, दुखते मानेत, अन् तुमी खांदे ओढाले सांगता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मान खांद्यावर बसली हाय, भाऊ. खालची माणसं काम करत नसली तं वरच्याले दुखनच.’’ याच्यावर मी डेपोत भाषण ठोकलं, ते वेगळं.

आता माझ्या हातून जे झालं ते फक्त ड्रायव्हरच्याच हातून होऊ शकतं. गाडी उशिरा सुटली की पुढच्या रस्त्यात वेळ भरून काढायची, ही आमची हाडात मुरलेली सवय. मधल्या एका आठवड्यात शोभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरी अल्लीपूरला लग्न होतं. मांडव, पाहुणे, पंगती. व्यायाम एकही दिवस झाला नाही. मग परत आल्यावर सुट्टीच्या सकाळी मी ठरवलं, राहिलेला सगळा हिशेब आजच पुरा करायचा. सायकलची ट्यूब मला तेव्हा लेकरांचा खेळ वाटली. मी मोटारसायकलची लावली. अंगातून घामाच्या धारा! शोभा चहा घेऊन आली तर म्हणते, ‘‘हे काय चालू हाय? मॅडमनं असं सांगतलं काय?’’ मी म्हणालो, ‘‘लेट कव्हर करून राह्यलो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मान जागची हलेना. डोकं एका बाजूला कललेलं, उठायचं तर दोन्ही हातांनी धरून उठायचं. त्या दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. वाटलं, संपलं. आता काहीतरी तुटलं असेल आत. मी पलंगावर पडल्या पडल्या शोभाला म्हणालो, कागद दे, कायमचं बैठं काम मागतो. कागद आणायला म्हणून गेली ती थेट मॅडमच्या दवाखान्यात गेली.

संध्याकाळी दारात ऑटो थांबला. दवाखाना आटोपून मॅडम घरी आल्या होत्या. आधी पुन्हा सगळं तपासलं, हाताची ताकद, बोटांची जाणीव, पायाचा तोल. हे तपासणं त्या कधीच चुकवत नाहीत. आमच्याच ओळखीच्या एका गृहस्थांच्या हातातून कप पडायला लागला होता, तर मॅडमनी त्यांना एकही व्यायाम न देता, त्याच दिवशी सोबत माणूस देऊन मोठ्या दवाखान्यात धाडलं होतं. ‘हे माझं काम नाई’ म्हणायला त्यांना कधी लाज वाटली नाही. माझं मात्र तसं काही नव्हतं. खात्री झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘काय केलं, झाडेभाऊ?’’

मी सांगितलं. ट्यूबचंही सांगितलं. मॅडमना हसू आवरेना आणि रागही आवरेना. ‘‘मोटारसायकलची ट्यूब! अन् आठवड्याचा व्यायाम एका सकाळी! गाडी लेट झाली तं तुमी रस्त्यात टाइम काढता, हाव न? मानेचं तसं नाई चालत. कालचं राह्यलं ते राह्यलं. आजचं तेवढं आज.’’

‘‘आता काय, मॅडम. तुटलं असन ते तुटलं.’’

‘‘काईच नाई तुटलं! जास्त कामानं स्नायू वैतागला. दुखलं म्हणजे मोडलं, असं कोणं सांगतलं तुमाले? चला, झोपा उताणे. मान हलवा. हो म्हणा.’’

‘‘हलत नाई.’’

‘‘जेवढी हलते तेवढी.’’

हलली. गव्हाच्या दाण्याएवढी हलली, पण हलली. ‘‘बस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढंच. उद्या याच्याहून थोडं जास्त. अन् झाडेभाऊ, अर्ज द्याचा तं खुशाल द्या, तुमचं आयुष्य हाय. पण भेवून देऊ नका. मले थोडे दिवस द्या, मंग ठरवा.’’ शोभानं अर्जासाठीचा कागद कपाटातून काढलाच नाही. मॅडम आमच्याकडं पोहे खाऊन गेल्या. लिंबू जास्त पिळून मागितलं, हे शोभा आजही कौतुकानं सांगते.

पुढं जे झालं त्यात जादू काही नाही. रोज थोडं. नेमानं, कंटाळा आला तरी. आमच्या भागातल्या विहाराच्या अंगणात मॅडम दर रविवारी सकाळी व्यायामाचा वर्ग घेतात, त्यात मला त्यांनी ओढलं. शिक्षक, शिंपी, अंगणवाडीच्या बाया, ऑफिसातले बाबू, शेतकरी, सगळ्या जातीधर्माची माणसं तिथं रांगेत उभी राहून हनुवट्या मागं घेतात. पाहण्यासारखं दृश्य असतं! खुर्चीवर बसून माझा जीव विझत चालला होता, हे मॅडमच्या ध्यानात आलं असणार. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘‘झाडेभाऊ, तुमचा आवाज मोठा. तुमी मोजा.’’ मी मोजायला लागलो. घाटावरच्या गाडीसारखा आवाज लावला! लोक दचकले, मग रंगले. घरी परतताना मी शीळ घालत होतो असं शोभाचं म्हणणं आहे.

शोभानंही एक पराक्रम केला. माझे सगळे व्यायाम तिनं अल्लीपूरला नेऊन आपल्या वहिनीला शिकवले, वहिनीनं शेजारणीला, शेजारणीनं जावेला. गल्लीभर ट्यूबा लागल्या. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी शोभाला विचारलं, ‘‘काऊन वो शोभाताई, व्यायाम काय लोणचं हाय, वाटीभर हिले अन् वाटीभर तिले द्याले?’’ पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी एसटीत बसून स्वतः अल्लीपूरला गेल्या आणि ओसरीत बसून एकेका बाईची मान वेगळी पाहिली. तेव्हापासून त्यांचा गुरुवार अल्लीपूरचा. रागावल्यावर त्या माणसाला असं जास्तीचं काहीतरी देऊन जातात.

तपासणीचा दिवस आला. मला रात्रभर झोप नव्हती, मॅडमना मी तसं फोनवर सांगितलंही. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसमोर जोर दाखवू नका. रोज वळवता तशी वळवा.’’ डॉक्टर म्हणाले, उजवीकडे पहा. पाहिलं. डावीकडे पहा. पाहिलं. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावरचा महिना मी न विचारता वाचून दाखवला! डॉक्टर हसले आणि ‘चालवा गाडी’ म्हणाले. मी जिना उतरलो कसा ते मला आठवत नाही. दुखणं होतं का? होतं, थोडं. आजही कधी कधी येतं, पाहुण्यासारखं बसतं, जातं. मी त्याला भीत नाही.

पहिली फेरी वर्धा–अल्लीपूर मिळाली, सोबत इंगोलेच. दिवस गुरुवारचा. इंजिन सुरू झालं आणि स्टिअरिंगची ती थरथर तळहातात आली, तेव्हा मला काय झालं ते सांगायला माझ्याकडं खरंच शब्द नाहीत. रस्त्यात ओळखीचे लोक हात करत होते. ‘‘आले काय, झाडेभाऊ!’’ ‘‘आलो न!’’ अल्लीपूरला पोचलो. आता गाडी मागं घेऊन लावायची. तोच थांबा. इंगोले खाली उतरून मागं गेले, शिट्टी सुरू झाली. मी आरसे पाहिले आणि मग मान वळवली. उजवीकडून, डावीकडून. कडब्यानं भरलेली बैलबंडी दिसली, पानठेल्याचा कोपरा दिसला, शिट्टी तोंडात धरलेले इंगोले दिसले. आणि आतल्या शेवटच्या बाकावर, खिडकीला टेकून, माझ्याकडं टक लावून पाहत असलेल्या नगराळे मॅडम दिसल्या.

गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि मी खाली उडीच मारली. ‘‘मॅडम! तुमी? बसल्या कधी? सांगतलं काऊन नाई?’’

‘‘सांगतलं असतं तं तुमी मले दाखवाले गाडी चालवली असती,’’ पिशवी खांद्याला लावत त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. माझे तर वाहतच होते. मला वाटलं, आता शाबासकी. मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘‘मान चांगली वळते. पण डावीकडं पाह्यताना खांदा वर उचलता अजून. रविवारी येजा, तेवढं करू.’’

इंगोले पोट धरून हसले. मी रविवारी गेलो.

मॅडम, तुम्ही साठीच्या झालात म्हणून हा सगळा थाट. आता दवाखाना कमी करा, आराम करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी सांगणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही. तुमचे सांधे सायकलच्या नव्या ट्यूबसारखे राहोत, डोळे असेच सगळं पकडत राहोत, अल्लीपूरचा गुरुवार आणि विहारातला रविवार कधी न चुको, आणि आम्हाला रागावण्याएवढा दम तुमच्या छातीत शंभरीनंतरही शिल्लक राहो.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून मी गाडी मागं घेताना रोज मान पूर्ण वळवून शेवटच्या बाकापर्यंत पाहतो. नियम म्हणून पाहतो, सवय म्हणून पाहतो, आणि तुम्ही बसला असाल म्हणूनही पाहतो. खूप खूप वर्षं अशाच न सांगता बसत जा, मॅडम. मी पाहतो आहे.